जोत्याखाली

माझी छाती एकतीस इंच,
म्हणून जमिनीखालचं काम माझं.
भिवा मुकादम बाहेर उकिडवा बसून
भोकात बॅटरी मारतो, विचारतो, काय दिसतं?
अंधार दिसतो, मुकादम. अजून डोळे बसले नाहीत.

कालिना गावठाण. घर अपोलीन परेरांचं.
सागाच्या फळ्या, खाली दीड फूट पोकळी,
तीत वीत वीत सरकायचं, कोपरांवर,
पाठीला तुळई, पोटाला चिखल.
चिखल नाही खरं तर. सैल मळलेल्या कणकेसारखी माती,
दाबली की बोटाचा ठसा राहतो
आणि ठशात सावकाश पाणी चढतं.
वास बुरशीचा, आणि त्याच्यामागे दुसरा एक,
सुट्टीनंतर उघडलेल्या शाळेतल्या नकाशांचा.

दगडी खांबांना लोणा लागलेला.
जीभ लावून पाहिली. खारट.
म्हणजे पाणी वरून गळत नाही, खालून चढतंय.
दगड ते पितो आणि मीठ बाहेर टाकतो.
मुकादमाला ओरडून सांगितलं.
तो म्हणाला, चवी कसल्या घेतोस, मोजमाप घे.

मोजमाप असं:
तुळया सहा, त्यातली चौथी मऊ,
पेचकस बोटभर आत गेला, आवाज न करता.
झरोके आठ. उघडा एकही नाही.
समोरचे चार गल्लीनेच गिळले,
आधी डांबर, मग पेव्हर, मग त्यावर काँक्रीट,
घर होतं तिथेच आहे, गल्ली चढत गेली.
मागचे चार मात्र कुणीतरी ठरवून बुजवलेले.
विटा, सिमेंट, आणि ओल्या सिमेंटवर खिळ्याने कोरलेलं:
कॅ. प.
खाली एक तारीख, पुसट.

मी ते मोठ्याने वाचलं.
डोक्यावरच्या सपाता थांबल्या.
"कॅजिटन," फळ्यांच्या फटीतून आवाज आला.
"घुशी शिरायच्या. मला झोप लागायची नाही.
एका रविवारी मिस्सा चुकवला त्याने,
दिवसभर खाली होता."
मग सपाता स्वयंपाकघराकडे गेल्या,
नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला.

चार दिवस लागले.
विटा फोडल्या, घुशीचे दात चालणार नाहीत अशी जाळी बसवली.
कोरलेला तुकडा अख्खा निघाला नाही.
'कॅ' निघाला. आंटींनी तो धुऊन खिडकीत ठेवला.
मातीवर जाड प्लॅस्टिक, जोडावर हातभर जोड,
कडा खांबांना गुंडाळून चिकटवल्या.
गल्लीकडे पाइपाला कोपर लावून
बगळ्यासारखी मान वर काढली.
चौथ्या तुळईला शेजारी जोडीदार दिला.
झाकणांचं समजावलं: पावसात लावायची,
उघडीप मिळाली की काढायची, विसरायचं नाही.
माझी शंभराची एक नोट मुकादमाने कापली. का, ते विचारलं नाही.

महिन्याने उरलेल्या पैशांसाठी गेलो.
दाराला आता खांदा द्यावा लागत नव्हता.
सणाच्या लुगड्यावरचे काळे ठिपके वाढायचे थांबले होते.
पण आंटींचा चेहरा काही वेगळंच सांगत होता.
"रात्री कोण तरी चालतं."
लाकूड सुकतंय, आंटी. ओलं होतं तोवर मुकं होतं,
आता आकसतं, म्हणून वाजतं.
"ते ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या.
"पलंगापासून मागच्या दारापर्यंत सुकत जातं.
मग तिथे थांबतं."

मी गुडघ्यावर बसून फळीला तळवा लावला.
कोरडी होती. एवढंच माझ्या हातात होतं.
त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, विचारलं,
चार फळ्या घट्ट ठोकून मिळतील का?
मी म्हटलं, मिळतील, उद्याच येतो.
"नको," त्या म्हणाल्या. "विचारलं फक्त."

बाहेर दोन माणसं सुतळी धरून
गल्लीवर खडूने रेघा मारत होती.
नवा थर, चार इंचांचा.
मी टेप काढून पाइपाची मान मोजली.
नऊ इंच. दोन थर निघतील.